तांब्याच्या जुन्या नाण्यांवर परत परत येणारा हिरवा थर : ग्रेडिंगला पाठवण्यापूर्वी काय तपासावे आणि कुठे हात आवरावा

गणपतीचे विसर्जन झाले की माझ्याकडे नाण्यांचे डबे येऊ लागतात. मी कोकणात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि ओळखीच्या संग्राहकांची तक्रार दरवर्षी जवळपास त्याच शब्दांत ऐकतो: मे महिन्यात स्वच्छ करून ठेवलेले नाणे पावसाळ्यात पुन्हा हिरवे झाले, आणि ते आता ग्रेडिंगला, म्हणजे तज्ज्ञ संस्थेकडून प्रत ठरवून घ्यायला, पाठवायचे आहे, तर लवकर काहीतरी करा. ‘लवकर’ या शब्दामुळेच बहुतेक नाणी बिघडतात. पुढील मजकूर मुख्यतः तांब्याच्या आणि ब्राँझच्या नाण्यांविषयी आहे, कारण हिरवा थर परतून येण्याचा त्रास त्यांनाच होतो. चांदीच्या नाण्यांविषयी जेवढे आवश्यक आहे तेवढे शेवटी सांगितले आहे.

लक्षणे

हिरवे दिसले म्हणजे गंज, आणि गंज म्हणजे घासून काढायची वस्तू, ही समजूत आपल्या घरात फार जुनी आहे. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ राहिला की तो कळकतो, म्हणून भांड्याला कल्हई करायची आणि देवाची तांब्याची भांडी चिंचेने लख्ख करायची, हे पाहतच आपण मोठे झालो. नाण्याच्या बाबतीत मात्र हिरव्या रंगाचे किमान तीन वेगळे प्रकार असतात आणि तिन्हींचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिल्या प्रकारात नाण्यावर फिकट, पोपटी किंवा पांढरट हिरव्या रंगाचे ठिपके येतात. ते पिठासारखे भुसभुशीत असतात, लाकडी काडीच्या टोकाने सहज सुटतात आणि त्यांच्याखाली बारीक खड्डा दिसतो. ठिपका काढून नाणे ठेवून दिले तर दमट हवेत काही आठवड्यांतच, कधीकधी काही दिवसांतच, त्याच जागी तो पुन्हा उगवतो. यालाच ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, पण तो शुद्ध तांब्यालाही होतो.

दुसऱ्या प्रकारात निळसर हिरवा, ओलसर, किंचित चिकट पडदा असतो. तो बहुधा अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या कडेने साचलेला असतो, आणि नाणे ज्या मऊ पारदर्शक पाकिटात ठेवले होते त्या पाकिटाच्या आतल्या बाजूलाही नाण्याचा गोल हिरवा ठसा उमटलेला दिसतो. हा पडदा मुख्यतः पाकिटाच्या प्लॅस्टिकमधून आलेला असतो.

तिसरा प्रकार गडद हिरवा, तपकिरी किंवा काळपट असतो. तो घट्ट आणि बऱ्याच अंशी गुळगुळीत असतो, काडीने सुटत नाही, आणि जुन्या छायाचित्राशी ताडून पाहिले तर वर्षानुवर्षे तसाच राहिलेला आढळतो. याला संग्राहक पॅटिना म्हणतात. हा रोग नव्हे, ही नाण्याची कातडी आहे.

यांखेरीज काळे ठिपके, बोटांचे ठसे आणि मातीचे थरही आढळतात. काळे ठिपके धातूत उतरलेले असतात आणि घरी निघत नाहीत, एवढे लक्षात ठेवून त्यांचा नाद सोडावा.

ग्रेडिंगवाले काय पाहतात

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही अमेरिकन संस्था १ ते ७० या शेल्डन मापावर नाण्याची प्रत ठरवतात. नाणे चुकीच्या पद्धतीने साफ केलेले आढळले तर त्याला आकडा मिळत नाही. त्याच्या स्लॅबवर, म्हणजे संस्था नाणे ज्या सीलबंद प्लॅस्टिकच्या पेटीत परत देते तिच्यावर, ‘डिटेल्स’ हा शब्द आणि सोबत कारण लिहिले जाते. पीसीजीएसच्या यादीत साफसफाईसाठी ९२ आणि हवा-पाणी-माती यांनी झालेल्या हानीसाठी ९७ असे स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणजे गंज असला तरी आकडा जाऊ शकतो आणि गंज घासून काढला तरी जातो. फरक असा की स्थिर पॅटिना असलेल्या नाण्याला आकडा मिळू शकतो, घासलेल्या नाण्याला सहसा मिळत नाही.

तांब्याच्या नाण्यांना ग्रेडबरोबर रंगही दिला जातो: रेड, रेड-ब्राऊन किंवा ब्राऊन. टांकसाळीतून निघालेल्या तांब्याचा जो मूळ लालसर झळाळ असतो, तो किती उरला आहे यावर हा रंग ठरतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतले आम्ल पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि खालचे उघडे तांबे वर आणते. ते चमकते खरे, पण ती चमक गुलाबी आणि सपाट असते. नाणे ठोकले जाताना धातू कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. मूळ झळाळ त्या रेषांमुळे दिसतो, आणि आम्लाने त्याच रेषा खाऊन टाकलेल्या असतात. ग्रेडर हा फरक काही क्षणांत ओळखतो.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. माझ्याकडे पाचव्या जॉर्जचा १९३६ चा पाव आणा होता. त्यावर मूळ लाली बऱ्यापैकी शिल्लक होती आणि राजाच्या मानेजवळ एवढासा हिरवा ठिपका होता. दिवाळीच्या आधी घरात देवाची भांडी घासणे चालले होते, मीही त्याच चिंचेच्या कोळात नाणे अर्धा मिनिट बुडवले आणि बोटाने हलकेच पुसले. ठिपका गेला. काही महिन्यांनी नाणे ‘डिटेल्स, साफ केलेले’ असा शिक्का घेऊन परत आले, आणि पुढच्या श्रावणात ठिपकाही परत आला.

तपासण्या, स्वस्त ते महाग या क्रमाने

सर्वांत आधी, काहीही खर्च न करता, नाण्याचे साल पाहावे. भारतातून नाणे परदेशी ग्रेडिंगला पाठवायचे असेल तर ही तपासणी इतर सर्वांच्या अगोदर येते. १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुने असलेले कोणतेही नाणे पुरातन वस्तू ठरते, आणि ते देशाबाहेर पाठवण्याची मुभा केंद्र सरकार किंवा सरकारने अधिकृत केलेली संस्था यांनाच आहे. त्यामुळे शिवराई (मराठेशाहीतले तांब्याचे नाणे), ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा, व्हिक्टोरिया आणि सातव्या एडवर्डची नाणी, आणि पाचव्या जॉर्जची सुरुवातीची नाणी कुरिअरमध्ये घालून परदेशी धाडणे हा गुन्हा आहे, मग एजंट काहीही सांगो. १०० वर्षांची ही रेघ दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकते, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे मराठी संग्राहक तिथल्या लिलावांतून घेतलेली नाणी तिथेच ग्रेडिंगला देतात, त्यांना ही अडचण येत नाही. नाणे पाठवताच येणार नसेल तर ग्रेडिंगसाठी ते चकचकीत करण्याचे कारणच उरत नाही, आणि केवळ सक्रिय गंज थांबवणे एवढेच काम शिल्लक राहते.

मातीने माखलेले नाणे शेतात किंवा पाया खणताना सापडलेले असेल तर आणखी एक जुना कायदा लागू होतो. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचा गाडलेला ठेवा सापडला तर त्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १० रुपयांची ती मर्यादा आजही कायद्यात तशीच आहे. असे नाणे साफ करायला माझ्याकडे आले तर मी ते हातात न घेताच परत करतो.

दुसरी तपासणी भिंगाची. दहापट भिंग आणि एका बाजूने तिरपा येणारा प्रकाश एवढे पुरते. खिडकीजवळचा सकाळचा उजेड दिव्यापेक्षा चांगला. नाणे कडेने धरावे, कारण घामात मीठ असते आणि या सगळ्या रोगाचे मूळ मिठातच आहे. ठिपका भुकटीचा आहे, चिकट आहे की घट्ट आहे हे पाहावे. ते डोळ्यांनी कळले नाही तर लाकडी दातकोरणीच्या किंवा गुलाबाच्या काट्याच्या टोकाने ठिपक्याच्या मधोमध अलगद टोचावे, आडवे ओढू नये. गुलाबाचा काटा ऐकायला गमतीचा वाटतो, पण तो तांब्यापेक्षा मऊ असतो, त्याचे टोक सुईइतके बारीक असते आणि झिजला की दुसरा फुकट मिळतो. सुई, ब्लेड आणि टाचणी यांना या कामात स्थान नाही.

याच वेळी मोबाइलवर नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत. थर वाढतो आहे की जागच्या जागी आहे, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर स्मरणशक्ती देत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एक आणि दसऱ्याला एक अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की निम्म्या नाण्यांच्या बाबतीत करण्यासारखे काही नाही हे स्पष्ट होते.

तिसरी तपासणी पाकिटाची. मऊ, लवचिक, उघडताच नव्या रेनकोटसारखा वास येणारे पाकीट बहुधा पीव्हीसीचे असते. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य काळानुसार झिरपते आणि पीव्हीसी विघटन पावताना निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल तांब्यावर चढते. खात्री करायची असेल तर रिकाम्या पाकिटाची एक चिमूटभर चकती कापून घ्यावी. तांब्याची तार पकडीत धरून लाल होईपर्यंत तापवावी, चकतीला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत ठळक हिरवी झाली तर प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजेच ते जवळजवळ नक्की पीव्हीसी आहे. धूर वाईट असतो, म्हणून हा प्रयोग उघड्यावर करावा आणि नाणी त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावीत. पाकीट पीव्हीसीचे निघाले तर केवळ हिरवे झालेले नाणे नव्हे, त्या अल्बममधली सगळीच नाणी बाहेर काढावीत. ज्यांच्यावर अजून काही दिसत नाही त्यांच्यावरही पडदा चढायला सुरुवात झालेली असते.

चौथी तपासणी वजनाची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान काटा आता सहज मिळतो. १८३५ चा तांब्याचा पाव आणा १०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅमचा होता. १९०६ पासून पाव आणा ब्राँझचा झाला आणि त्याचे वजन ७५ ग्रेनवर, म्हणजे सुमारे ४.८६ ग्रॅमवर आले. गंज लागलेले नाणे थोडे हलके भरणे स्वाभाविक आहे, पण फरक मोठा असेल तर धातू आतून खाल्ला गेला आहे किंवा नाणेच बनावट आहे. दोन्ही बाबतींत पुढची मेहनत व्यर्थ आहे. बनावट नाण्यांवर जुनेपणा आणण्यासाठी मुद्दाम चढवलेला हिरवा थर हा वेगळाच विषय आहे, पण तो सहसा चारही बाजूंनी एकसारखा असतो आणि नखाने रंगासारखा पोपडा होऊन निघतो, एवढी खूण पुरेशी आहे.

आता प्रत्यक्ष द्रवांकडे वळू.

डिस्टिल्ड पाणी हा पहिला आणि सर्वांत सौम्य उपाय आहे. बॅटरीत घालायचे पाणी म्हणून ते पेट्रोलपंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते. बाटलीवर पाणीच लिहिले आहे आणि आम्ल नाही, याची खात्री करून घ्यावी. नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यात क्लोराइड असते आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींत तर ते अधिकच असते. काचेच्या वाटीत नाणे बुडवून ठेवावे, काही तासांनी पाणी बदलावे आणि माती सुटत असेल तर हे तीन-चार वेळा करावे. पाण्याने माती, मीठ आणि धूळ जाते. तांब्याचा हिरवा थर जात नाही, आणि तसा तो जावा अशी अपेक्षाही नाही. नाणे बाहेर काढल्यावर मऊ सुती कापडावर ठेवून टिपावे. ‘पुसणे’ आणि ‘टिपणे’ या दोन क्रियांमधला फरक या सगळ्या लेखातला सर्वांत मोलाचा आहे, कारण धुळीचा एक कण कापडाखाली आला तर पुसताना तो तांब्यावर केसासारखी रेघ ओढतो आणि ती रेघ कायमची राहते.

त्यानंतर ॲसिटोन. शुद्ध ॲसिटोन रसायनांच्या दुकानात मिळते. नखांचा रंग काढायचे द्रव त्याऐवजी चालत नाही, कारण त्यात तेल, सुगंध आणि रंग मिसळलेले असतात. ॲसिटोनची धातूशी प्रतिक्रिया होत नाही, म्हणून योग्य रीतीने वापरले तर ग्रेडर त्याला साफसफाई समजत नाहीत. पीव्हीसीचा पडदा, बोटांचे तेल, चिकटपट्टीचा डिंक आणि कोणी कधीकाळी लावलेला लाखेसारखा मुलामा ते विरघळवते. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे चिकट हिरव्या पडद्यावर हाच खरा उपाय आहे.

झाकण असलेल्या काचेच्या भांड्यात नाणे बुडेल इतके ॲसिटोन घ्यावे. थोड्या वेळाने ते हिरवट किंवा पिवळसर दिसू लागले तर ते टाकून ताजे घ्यावे. पडदा जुना असेल तर रात्रभर ठेवले तरी चालते. कडेला अडकलेला भाग सुटत नसेल तर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नाण्यावरून हलके लोळवावा, घासू नये. शेवटचे स्नान नेहमी अगदी ताज्या ॲसिटोनचे असावे. नाहीतर विरघळलेला मळ द्रव उडाल्यावर पातळ थराच्या रूपाने पुन्हा नाण्यावरच बसतो, आणि “ॲसिटोनने नाणे धुरकट झाले” ही तक्रार बहुतेक वेळा याच आळसाची असते. प्लॅस्टिकची वाटी वापरू नये, ती विरघळू शकते. ॲसिटोनची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरात, देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा बंद खोलीत हे काम करू नये.

एक गोष्ट स्वीकारायला जड जाते: पीव्हीसीचा पडदा निघाल्यावर खालचा धातू खाल्लेला दिसला तर तो भरून येत नाही. ॲसिटोनने नुकसान थांबते, पुसले जात नाही.

याच्या पुढची पायरी तेलाची आहे आणि तिथे माझे मत अनेक जुन्या संग्राहकांशी जुळत नाही. ऑलिव्ह तेलात नाणी महिनोन्महिने ठेवण्याची पद्धत जुनी आहे. त्या तेलात मुक्त स्निग्धाम्ले असतात, ती गंज हळूहळू सैल करतात हे खरे, पण ती तांब्याचा रंगही काळवंडून टाकतात. मी त्याऐवजी औषधांच्या दुकानात मिळणारे साधे, वास नसलेले लिक्विड पॅराफिन वापरतो. ते गंज विरघळवत नाही, फक्त भेगांत शिरून घट्ट थर मऊ करते. दोन-तीन आठवडे मुरल्यावर भिंगाखाली, काट्याच्या टोकाने, सुटेल तेवढेच सोडवावे आणि पुन्हा बुडवून ठेवावे. शेवटी ॲसिटोनने तेल काढून टाकावे. हा उपाय मी मातीने घट्ट झालेल्या, वापरून झिजलेल्या नाण्यांवरच करतो. १९४३ ते १९४७ या काळातल्या भोकाच्या पैशासारखे ढिगाने मिळणारे नाणे सरावासाठी उत्तम आहे. मूळ लाली शिल्लक असलेल्या नाण्याला मात्र तेलाचा थेंबही लावू नये.

काट्याने सोडवताना कुठे थांबायचे हा प्रश्न शिवराईच्या बाबतीत सर्वांत अवघड होतो. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या तांब्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो, तो गंजाच्या थराच्या आत जपलेला असतो. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरे हिरव्या-तपकिरी थरातच उठून दिसतात आणि थर खरवडला की खाली खडबडीत, अक्षरहीन तांबे निघते. माझ्यासमोर एका गृहस्थाने शाळेच्या खोडरबराने शिवराई ‘स्वच्छ’ केली होती. नाणे दहा मिनिटांत उजळले आणि ‘शिव’ कायमचा गेला.

आता पहिल्या प्रकारचा, म्हणजे भुकटी होऊन परतणारा गंज. येथे पाणी, ॲसिटोन आणि तेल तिन्ही अपुरे पडतात आणि का पडतात हे कळले तर पुढचा निर्णय सोपा होतो. मिठातला क्लोराइड तांब्याशी जुळून आत क्युप्रस क्लोराइडचा फिकट, मेणचट थर बनवतो. हा थर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि कोरड्या हवेत तो गुपचूप पडून असतो. हवेत ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्याची हिरवी भुकटी होते आणि त्याच वेळी हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल शेजारच्या कोऱ्या तांब्यावर चढते, त्यातून नवे क्लोराइड बनते आणि चक्र पुन्हा सुरू होते. वरची भुकटी काढणे म्हणजे धूर पुसून आग विझवल्यासारखे आहे, आगीचे सरण आत तसेच राहते. मे महिन्यात स्वच्छ केलेले नाणे श्रावणात हिरवे होण्याचे कारण एवढेच आहे.

खात्री करायची असेल आणि नाणे स्वस्त असेल तर एक प्रयोग करता येतो. बंद डब्यात ओला कापूस आणि त्याला न टेकेल अशा रीतीने नाणे ठेवावे. एक-दोन दिवसांत ताजी फिकट हिरवी भुकटी फुटली तर निदान पक्के. ग्रेडिंगला पाठवायच्या नाण्यावर हा प्रयोग करू नये, कारण त्यात आपण रोगालाच खाऊ घालत असतो.

तातडीचा आणि घरी करण्याजोगा उपाय एकच आहे: कोरडेपणा. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर ही प्रक्रिया जवळपास थांबते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून उघड्या कपाटाचा उपयोग नाही. घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा लहानसा डिजिटल मापक एवढे लागते. नारिंगी रंगाचे सिलिका जेल घ्यावे, कारण निळ्यात कोबाल्टचे विषारी संयुग असते. रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर सुकवून पुन्हा वापरता येते. रोगी नाणे निरोगी नाण्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवावे. ते संसर्गजन्य आहे म्हणून नव्हे, तर त्याची भुकटी क्लोराइड घेऊन शेजारी सांडते म्हणून.

कुठे थांबावे

सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात आठवडे किंवा महिने नाणे बुडवून क्लोराइड बाहेर काढण्याची पद्धत वस्तुसंग्रहालयांत वापरली गेली आहे आणि त्याची कृती कुठेही सापडते. मी ती दोनदा केली आहे. एकदा गंज थांबला, पण पॅटिनाचा रंग बदलला आणि कडेला नवाच निळसर थर जमला. ग्रेडिंगच्या दृष्टीने ते नाणे गेले. बेंझोट्रायाझोल हे रसायन तांब्यावर संरक्षक पापुद्रा तयार करते आणि ब्राँझ डिसीजवर ते संवर्धक आवर्जून वापरतात, पण ते शरीराला अपायकारक आहे आणि हातमोजे व धूर ओढणारी सोय यांशिवाय ते हाताळू नये. म्हणून ॲसिटोन आणि कोरडा डबा ही घरगुती कामाची सीमा मी मानतो.

नाण्यावर मूळ लाली असेल, साल दुर्मीळ असेल, भुकटी चेहऱ्यावर किंवा सालाच्या आकड्यांवर असेल, भुकटीखाली खड्डे दिसत असतील किंवा कोरड्या डब्यातही ठिपका वाढत असेल, तर यांपैकी एकही गोष्ट पुरेशी आहे: नाणे खाली ठेवावे आणि जाणकाराकडे जावे. परदेशी पाठवता येण्याजोगे नाणे असेल तर एनजीसीशी संलग्न असलेली एनसीएस ही संवर्धन सेवा आणि पीसीजीएसची रेस्टोरेशन सेवा, दोन्ही ग्रेडिंगच्या आधी नाण्याला उपचाराचा फायदा होईल का हे पाहतात आणि नंतर ते तिथूनच ग्रेडिंगला जाते. अर्जात गंजाचा प्रकार आणि आपण आजवर काय-काय केले ते प्रामाणिकपणे लिहावे. चिंच लावली असेल तर चिंच असे लिहावे, कारण उपचार त्यावरून बदलतो. शंभरी ओलांडलेल्या नाण्यांसाठी देशातच मार्ग आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आहे आणि लखनौला सांस्कृतिक संपत्तीच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. खासगी नाणे घेतील का, हे आधी पत्राने विचारावे. सराफाकडे मात्र नेऊ नये. तो चांगल्या हेतूने नाणे पॉलिशच्या चाकावर धरतो आणि पाच सेकंदांत सगळे संपते.

चांदीविषयी थोडेसे

चांदीच्या रुपयावरचा काळा, निळा किंवा सोनेरी थर हा सिल्व्हर सल्फाइडचा असतो. तो पातळ आणि एकसारखा असेल तर त्याला टोनिंग म्हणतात, अनेक खरेदीदार त्यासाठी जास्त पैसे मोजतात आणि तो काढण्यात तोटाच आहे. बाजारात मिळणाऱ्या चांदी उजळवायच्या द्रवांत थायोयुरिया आणि आम्ल असते. प्रत्येक बुडवणीत काळ्या थराबरोबर चांदीचाही पातळ पापुद्रा जातो आणि झळाळ मरतो. ॲल्युमिनिअमची चकचकीत पट्टी, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांचा प्रयोग घरच्या ताट-वाटीसाठी ठीक आहे, नाण्यासाठी नाही. १९४० पासून रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली आणि उरलेल्या धातूत बहुतेक तांबे आहे. त्या नाण्यांवर कधीकधी हिरवा ठिपकाही दिसतो. त्याला वर सांगितलेला तांब्याचाच क्रम लागू होतो: भिंग, पाकीट, पाणी, ॲसिटोन, आणि तिथे थांबणे.

साठवण

उपचार झालेले नाणे पुन्हा त्याच पाकिटात गेले तर पुढच्या गणपतीला ते माझ्याकडे येतेच. पॉलिएस्टरची कडक, किंचित कुरकुरणारी पाकिटे घ्यावीत. पुठ्ठ्याच्या चौकटी वापरत असाल तर त्यांच्या स्टेपलच्या पिना आतून दाबून सपाट कराव्यात, कारण एका पिनेने शेजारच्या पाच नाण्यांवर रेघा ओढलेल्या मी पाहिल्या आहेत. लाकडी खण आणि प्लायवूडची कपाटे आम्लाची वाफ सोडतात, वर्तमानपत्र आणि रबरबँड यांत गंधक असते. देवघराच्या खालचा कप्पा नाण्यांसाठी अजिबात घेऊ नये, तिथे धूप, तेल आणि ओलावा तिन्ही एकत्र येतात. नाणे पाकिटात घालण्यापूर्वी शेवटचे ॲसिटोन पूर्ण उडाले आहे याची अर्धा तास थांबून खात्री करावी, आणि त्या दिवशी बाहेर पाऊस असेल तर पाकीट बंद करण्याचे काम कोरड्या दिवसापर्यंत पुढे ढकलावे.